‘पुल अप’ कानावर पडल्यानंतर: मंगळूर, २२ मे २०१०

मंगळूरच्या धावपट्टीवरून दरीत कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांतून कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर (वैमानिकांच्या कक्षातले आवाज टिपणारं उपकरण) बाहेर काढला, तेव्हा त्यात २ तास ५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण शाबूत होतं. त्यातल्या पहिल्या १ तास ४० मिनिटांत दोन वैमानिकांमध्ये संभाषणच नाही. ऐकू येतो तो खोल, संथ श्वास आणि मधूनमधून घोरण्याचा हलका आवाज. कमांडर झोपलेले होते. रेडिओवर बोलत होता तो एकटा सहवैमानिक.

शेवटच्या मिनिटांत मात्र तीन आवाज एकमेकांवर आदळतात. सहवैमानिकाचा, कमांडरचा आणि जमीन जवळ येतेय असा इशारा देणाऱ्या यंत्राचा. यंत्र इंग्रजीत ‘सिंक रेट’ (फार वेगाने खाली जातोय) म्हणतं, मग ‘पुल अप’ (वर ओढा) म्हणतं, पुन्हा पुन्हा म्हणतं. सहवैमानिक ‘गो अराउंड’ (उतरणं सोडा, पुन्हा वर चला) म्हणतो, एकदा नाही, तीनदा. तरीही विमान खालीच जातं. त्या सकाळी विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ जण गेले. आठ जण वाचले.

या अपघाताबद्दल बोलताना बहुतेक जण टेबलटॉप धावपट्टीपाशी येऊन थांबतात: डोंगराचा माथा, तिन्ही बाजूंनी दरी, मग दुसरं काय होणार. मला ते उत्तर पटत नाही. त्याच धावपट्टीवर रोज विमानं उतरत होती, आजही उतरतात. माझ्या मनात प्रश्न आहे तो वेगळा. इशारा वेळेवर दिला गेला होता, तो ऐकूही आला होता, आणि त्या इशाऱ्याचा अर्थ ओळखणारा माणूस शेजारच्याच खुर्चीत बसला होता. मग कानापासून हातापर्यंतच्या वीतभर अंतरात काय अडलं?

दुबई ते मंगळूर

एअर इंडिया एक्सप्रेसचं ८१२ क्रमांकाचं हे उड्डाण, विमान बोइंग ७३७-८००. भारतीय वेळेप्रमाणे रात्री अडीचच्या सुमारास ते दुबईहून निघालं. आत १६० प्रवासी आणि सहा कर्मचारी होते. आखातात राबणारी आणि सुट्टीला घरी परतणारी किनारपट्टीची माणसं यात बहुसंख्य होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या घरांना हे विमान वेगळं समजावून सांगायला नको. पहाटे उतरायचं, दुपारी जेवायला घरी.

कमांडर ५५ वर्षांचे, मूळचे सर्बियाचे, दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव असलेले. सहवैमानिक चाळिशीचा, साडेतीन हजारांहून अधिक तास उडालेला. दोघांसाठी मंगळूर नवं नव्हतं. सहवैमानिक तर तिथे कमांडरपेक्षा कितीतरी अधिक वेळा येऊन गेलेला होता. पण मंगळूरला ‘क्रिटिकल’ विमानतळ मानलं जाई आणि तिथे विमान उतरवायचं ते कमांडरनेच, असा कंपनीचा नियम होता. म्हणजे ज्या ठिकाणची नस सहवैमानिकाला जास्त ठाऊक, तिथे हाती सूत्रं घ्यायची त्याला मुभाच नव्हती. नियमामागचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. तरी शेवटच्या मिनिटाकडे पाहताना हा नियम माझ्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी नेमकी बिघडलेली होती. मंगळूरचं रडार बंद होतं. रडार नसलं की नियंत्रकाला पडद्यावर विमानं दिसत नाहीत. वैमानिक आपली जागा तोंडी सांगतो आणि त्यावरून नियंत्रक दोन विमानांमधलं अंतर हिशोबाने राखतो. सहवैमानिकाने सुमारे १३० मैलांवरून खाली यायची परवानगी मागितली. इतर विमानांपासून अंतर राखायचं म्हणून ती लगेच मिळाली नाही. प्रत्यक्षात ३७ हजार फुटांवरून उतरायला सुरुवात झाली ती ७७ मैलांवर.

इथे एक साधं गणित आहे. जेट विमान खाली आणायला उंचीच्या दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन मैल लागतात. ३७ हजार फुटांना एकशे दहा मैलांच्या आसपास. ७७ मैल म्हणजे उशीर, पण सावरण्याजोगा. स्पीड ब्रेक (पंखांवरचे हवा अडवणारे पत्रे) उघडता येतात, चाकं लवकर सोडता येतात, आणि काहीच जमलं नाही तर नियंत्रकाला सांगून आकाशात एक गिरकी घेऊन उंची कमी करता येते. या शेवटच्या उपायाला कुणाची मनाई नसते, पाचदहा मिनिटं आणि थोडं इंधन जातं. या कॉकपिटमध्ये स्पीड ब्रेक उघडले गेले, सुमारे साडेआठ हजार फुटांवरच चाकंही खाली आली. गिरकी मात्र मागितली गेली नाही. उताराचं नियोजन करायला हवं होतं त्या वेळेचा मोठा भाग कमांडर झोपेत होते, आणि जागे झाल्यावर समोर आलं ते थेट उतरण्याचं काम.

खोटी वाट

मंगळूरच्या २४ क्रमांकाच्या धावपट्टीवर आयएलएसची, म्हणजे रेडिओलहरींनी उतरण्याची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेची, सोय आहे. धावपट्टीजवळचे दोन प्रेषक आकाशात रेडिओलहरींच्या दोन वाटा आखतात. लोकलायझर डावं-उजवं सांगतो आणि ग्लाइड स्लोप वर-खाली. ग्लाइड स्लोपची वाट जमिनीशी साधारण तीन अंशांची असते. मात्र अँटेनाच्या स्वभावामुळे या खऱ्या वाटेच्या वर आणखी खोट्या वाटाही तयार होतात, अधिक उताराच्या. म्हणून वैमानिकांना पहिल्यापासून शिकवलेलं असतं की ग्लाइड स्लोप खालून पकडायचा, वरून नाही. खालून येणाऱ्याला पहिली भेटते ती खरीच वाट. उंचावरून येणाऱ्याला खोटी वाट भेटू शकते, आणि तिथे काटा अगदी मधोमध स्थिर राहून सगळं ठीक असल्याचं सांगू शकतो.

या विमानाच्या बाबतीत तसंच झालं. चौकशीत दिसलं की ते नेहमीच्या आयएलएस मार्गाच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं.

मग धावपट्टी अडीचेक मैलांवर असताना रेडिओ अल्टिमीटरने आपोआप २,५०० फुटांची घोषणा केली. तीन अंशांच्या वाटेवर तिथे धावपट्टीपासूनची उंची आठशे फुटांच्या आसपास असायला हवी. (रेडिओ अल्टिमीटर विमानाच्या बरोबर खालची जमीन मोजतो आणि टेबलटॉपच्या भोवतालची जमीन खोल असते, त्यामुळे हे दोन आकडे तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत. पण तफावत इतकी मोठी की त्याने काही बिघडत नाही.) सहवैमानिक म्हणाला, आपण फार उंचावर आहोत, धावपट्टी तर सरळ खालीच आहे. कमांडरच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

त्या क्षणापर्यंत काहीही हाताबाहेर गेलेलं नव्हतं. सूर्य नुकताच वर येत होता, दृश्यमानता सहा किलोमीटर, वारा जवळपास नाहीच. विमानात कोणताही बिघाड नव्हता. थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची ताकद वाढवणारे दांडे) पुढे, नाक वर, चाकं आत, आणि पुन्हा एक फेरी. यालाच गो-अराउंड म्हणतात. नोकरीत असलेला प्रत्येक वैमानिक सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव करतच असतो.

कमांडरने ऑटोपायलट काढला आणि नाक खाली केलं.

यंत्र काय सांगत होतं

इथे थोडं थांबून त्या बोलणाऱ्या यंत्राबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव लांबलचक आहे, एन्हान्स्ड ग्राउंड प्रॉक्सिमिटी वॉर्निंग सिस्टिम, बोलताना ईजीपीडब्ल्यूएस. चांगलं चालणारं, वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात असलेलं विमान जमिनीवर किंवा डोंगरावर नेऊन आपटलं जाणं हा एकेकाळी विमान अपघातांतला फार मोठा वाटा होता. डॉन बेटमन या कॅनेडियन अभियंत्याने साठच्या दशकाच्या अखेरीपासून उरलेलं आयुष्य या एका प्रश्नाला दिलं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ जण गेले, आणि त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांवर हे यंत्र सक्तीचं केलं.

जुन्या यंत्राला फक्त खालचं दिसायचं. समोरून एकदम चढणारा कडा त्याला उशिरा कळायचा. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात काली शहराकडे निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ रात्री चुकीच्या दरीत वळलं. यंत्र ओरडलं तेव्हा हातात जेमतेम बारा-तेरा सेकंद उरले होते. तिथल्या वैमानिकांनी एक क्षणही दवडला नाही. पूर्ण शक्ती दिली, नाक वर ओढलं. उंची कमी करण्यासाठी उघडलेले स्पीड ब्रेक मात्र तसेच उघडे राहिले. विमान कड्याच्या माथ्याखाली आदळलं आणि १५९ जण गेले. बेटमनचं नवं यंत्र तोवर आकाराला येत होतं. त्यात जगभरच्या भूभागाची उंची साठवलेली असते, विमानाची जागा त्या नकाशावर सतत ताडली जाते आणि पुढचा डोंगर आधीच कळतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले लष्करी भूनकाशे मिळवून त्यांनी या माहितीतली मोठी पोकळी भरली. या यंत्राने वाचवलेली माणसं मोजता येणार नाहीत, कारण न झालेल्या अपघाताची नोंद कुठे होत नाही. माझ्या मते विमान प्रवाशांवर बेटमन यांच्याइतके उपकार केलेली माणसं थोडीच असतील.

मंगळूरच्या विमानात हेच नवं यंत्र होतं. तिथे समोर डोंगर नव्हता, म्हणून ‘टेरेन’ हा शब्द त्याने उच्चारण्याचं कारण नव्हतं. बोलला तो त्याचा सगळ्यात जुना भाग. तो दोन आकड्यांची सांगड घालतो: जमीन किती खाली आहे, आणि आपण किती वेगाने खाली जातोय. या दोहोंच्या आलेखावर दोन रेषा आखलेल्या असतात. बाहेरची ओलांडली की ‘सिंक रेट’, म्हणजे उतरण्याचा वेग जास्त होतोय, आवर. आतली ओलांडली की ‘पुल अप’, म्हणजे आता ताबडतोब वर.

नेहमीच्या उतरणीत विमान मिनिटाला सातशे-आठशे फूट खाली येतं. हजाराच्या वर गेलं की ती उतरण ‘अनस्टेबिलाइझ्ड’ धरायची आणि सोडून द्यायची, हे प्रत्येक कंपनीच्या नियमात असतं. या विमानाचा वेग मिनिटाला जवळजवळ चार हजार फुटांवर गेला होता. दर सेकंदाला एका सहा मजली इमारतीएवढी उंची खलास. केबिनमध्ये पट्टे बांधून बसलेल्या माणसांनाही पोटात ते जाणवलं असणार.

शेवटचं मिनिट

सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं. पहिली हाक प्रश्नार्थक होती. कमांडरचं उत्तर तुटक आलं: चुकीचा लोकलायझर, ग्लाइड पाथ. म्हणजे चूक कुठे झाली ते त्यांना उमगलं होतं. उमगल्यावर परत फिरण्याऐवजी ते ती चूक वाटेतच दुरुस्त करायला निघाले.

दुसऱ्या हाकेत सहवैमानिकाने कारणही जोडलं, अनस्टेबिलाइझ्ड. याच सुमारास टॉवरने विचारलं की तुम्ही वाटेवर स्थिर आहात का. कमांडरने सहवैमानिकाला ‘होय’ सांगायला लावलं. त्याने सांगितलं. उतरायची परवानगी मिळाली. हे ‘होय’ मला सगळ्यात जड जातं. क्षणापूर्वी हाच माणूस ही उतरण सोडून द्या म्हणत होता. त्याला काय खरं आहे ते माहीत होतं, आणि बाहेरच्या जगाशी बोलताना त्याने खुर्चीतल्या वरिष्ठाचं म्हणणं पुढे केलं. टॉवरमधल्या माणसाला मग शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. मराठी घरांत, शाळांत, कचेऱ्यांत वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट अनोळखी वाटू नये. मोठ्यांनी डोळ्यांनी खुणावलं की पाहुण्यांसमोर आपण ‘हो’ म्हणतोच.

‘सिंक रेट’, ‘पुल अप’ चालूच होतं.

धावपट्टीचं तोंड साधारण ५० फुटांवरून ओलांडायचं असतं. या विमानाने ते सुमारे २०० फुटांवरून ओलांडलं, आणि वेग १४४ नॉटच्या जागी १६० नॉटच्या वर होता. सव्वाआठ हजार फुटांचीही नसलेली ही धावपट्टी, नेमकी ८,०३३ फूट. चाकं पहिल्यांदा टेकली ती धावपट्टीच्या तोंडापासून साडेचार हजार फुटांच्या आसपास. विमान किंचित उसळलं आणि ५,२०० फुटांवर बसलं. पुढे उरली ती सुमारे २,८०० फूट. सहवैमानिकाची तिसरी हाक टेकण्याच्या जरा आधीची आहे: आता पुढे धावपट्टीच उरलेली नाही.

आणि इथे चौकशी अहवालातली सर्वांत चटका लावणारी नोंद येते. इतकं सगळं होऊनही विमान थांबू शकलं असतं. टेकल्याबरोबर थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान थांबवणारी सोय) पूर्ण आणि पायाने पूर्ण ताकदीचा ब्रेक, एवढं केलं असतं तर धावपट्टीपलीकडच्या फरसबंद पट्टीत ते थांबलं असतं, असं चौकशीचा निष्कर्ष सांगतो. कमांडरने रिव्हर्सर उघडले, ब्रेक लागू लागले, आणि ब्रेक लागल्यापासून सहा सेकंदांच्या आत त्यांनी विचार बदलला. रिव्हर्सर बंद करून थ्रस्ट पुढे लोटला, पुन्हा उडण्यासाठी. बोइंगचा नियम नेमका उलटा आहे: रिव्हर्सर एकदा उघडले की थांबायचंच, पुन्हा उडायचं नाही. गो-अराउंड शेवटी झाला, पण ज्या एका क्षणी तो करायचा नव्हता त्या क्षणी.

विमान धावपट्टी संपवून वाळूच्या पट्ट्यातून गेलं. उजवा पंख लोकलायझर अँटेनाच्या काँक्रीटच्या उभारणीवर आपटला, कुंपण तुटलं, आणि विमान दरीत जाऊन पेटलं. सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

ऐकून हात का हलला नाही

सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख, आपल्या पुण्याचे. त्यांच्या अहवालाने थेट कारण म्हणून कमांडरकडे बोट दाखवलं: सहवैमानिकाच्या तीन हाका आणि ईजीपीडब्ल्यूएसचे अनेक इशारे येऊनही अस्थिर उतरण सोडून न देणं. त्याच्या जोडीला तीन हातभार लावणारी कारणंही नोंदली. झोप, रडार नसल्याने उशिरा सुरू झालेला आणि नीट न आखलेला उतार, आणि सहवैमानिकाला गो-अराउंड स्वतः करण्याचा अधिकार देणाऱ्या सूचनांमधली संदिग्धता.

झोपेचं आधी पाहू. अहवाल स्पष्ट सांगतो की उड्डाणाआधी पुरेशी विश्रांती मिळालेली होती. तरीही ती वेळ पहाटेची, जेव्हा शरीराचं घड्याळ सर्वांत मंद चालतं. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. डोळे उघडतात, हात हलतात, बोलणंही जमतं, पण निर्णय घेणारा भाग मागे रेंगाळतो. रात्रपाळीची नर्स, एसटीचा रातराणी चालक, पहाटे तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली आई, हे सगळे त्या अवस्थेतून गेलेले असतात. त्या अवस्थेत माणूस हातातलं काम पुढे रेटतो. काम थांबवून नव्याने सुरू करणं हा निर्णय त्याला सुचणंच अवघड जातं. अर्धा-पाऊण तास ठरवून, सहकाऱ्याला सांगून खुर्चीतच घेतलेली डुलकी वेगळी, आणि हे पावणेदोन तास वेगळे. पहिल्या प्रकाराने माणूस ताजा होतो, म्हणून तिला नियमांची चौकट द्यायला हवी. ती लपूनछपून घ्यावी लागली, की तिची लांबी कुणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट यंत्राबद्दलची आहे आणि तिच्यावर फार थोडं बोललं जातं. रात्री किंवा ढगात ‘पुल अप’ ऐकू आलं तर विचार न करता वर ओढायचं, यात दुमत नाही. पण लख्ख उजेडात, समोर धावपट्टी दिसत असताना, पुढे काही धोका नाही याची डोळ्यांनी खात्री पटलेली असेल तर तो इशारा सावधगिरीचा समजून उतरण चालू ठेवता येते, अशी सवलत वैमानिकांच्या पुस्तकात असते. ही सवलत डोंगराळ विमानतळांसाठी गरजेची आहे. नाहीतर एखाद्या टेकडीमुळे उगाच वाजलेल्या प्रत्येक इशाऱ्यावर विमानं फिरून जातील. मात्र तिची एक किंमत आहे. डोळ्यांसमोर धावपट्टी असली की ‘हे मला लागू नाही’ असं मनाशी म्हणायची सवय लागते. मंगळूरला डोळ्यांसमोर धावपट्टी होती. कमांडरला जमीन दिसत होती, ती आपल्याला मारणार नाही हेही दिसत होतं. दिसत नव्हतं ते एवढंच, की तिच्यावर आपण किती पुढे जाऊन टेकणार आहोत. आणि त्या यंत्राला तो हिशोब शिकवलेला नव्हता. ते फक्त उतरण्याचा वेग सांगत होतं. मी हे तर्काने लिहितो आहे, कमांडरच्या मनात शिरून नाही. पण मला हा तर्क टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट, सहवैमानिक. बोइंग ७३७ मध्ये दोन्ही बाजूंचे कंट्रोल कॉलम एकमेकांना जोडलेले असतात. उजवीकडच्याने ओढलं की डावीकडच्याच्या हातातला दांडा हलतो. म्हणजे ताबा घ्यायचा तर ‘आय हॅव कंट्रोल’ एवढं म्हणून भागत नाही. समोरच्याने सोडलं नाही तर ती दोन माणसांच्या हातांची झटापट होते, जमिनीपासून काहीशे फुटांवर. सहवैमानिकाने ते केलं नाही म्हणून त्याला दोष देणं सोपं आहे. त्याला नक्की कधी, कोणत्या हाकेनंतर, कोणत्या उंचीला हा अधिकार आहे, हे नियमात निःसंदिग्ध लिहिलेलं नव्हतं, हे अहवालानेच मान्य केलं. शिवाय हाच विमानतळ, जिथे उतरवायचं काम त्याचं नाहीच असं कंपनीने सांगून ठेवलेलं. लिहिलेला नियम असता तर तो माणूस वरिष्ठाविरुद्ध उभा राहिला नसता, नियमाच्या बाजूने उभा राहिला असता. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे, हे कुठल्याही नोकरी केलेल्या माणसाला विचारा.

‘दोन हाका आणि मग ताबा’ हा नियम अनेक हवाई कंपन्यांनी स्वीकारलेला आहे. पहिल्या हाकेला उत्तर नाही किंवा कृती नाही, दुसऱ्यालाही नाही, तर समोरचा भानावर नाही असं धरून सूत्रं घ्यायची. मंगळूरला या नियमाप्रमाणे दुसऱ्या हाकेनंतर विमान अजून हवेत होतं. पण कागदावरचा नियमही पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. सिम्युलेटरमध्ये वरिष्ठाने मुद्दाम चुकायचं, हाकेला दाद द्यायची नाही, आणि कनिष्ठाने खरोखर त्याच्या हातातून विमान काढून घ्यायचं, हा सराव व्हायला हवा. स्वतःच्या आवाजात ‘आय हॅव कंट्रोल’ एकदा मोठ्याने म्हटलेलं असलं की दुसऱ्यांदा ते घशात अडकत नाही.

गो-अराउंड केल्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही, ही हमीही त्याच जातकुळीची. जोरात टेकल्याच्या नोंदी तपासून वैमानिकांना बोलावलं जातं. ते गरजेचंही आहे. पण बोलावण्याचा सूर शिक्षेचा झाला की माणूस अलगद टेकण्यासाठी विमान धावपट्टीवर लांबवर तरंगत ठेवतो, आणि परत फिरण्यात त्याला कमीपणा वाटू लागतो.

यंत्रांनी मात्र मधल्या काळात, कुठे टेकणार याचा हिशोब नसण्याची ती त्रुटी भरून काढायला घेतली आहे. त्याच घराण्यातली नवी सॉफ्टवेअर उतरताना थेट ‘टू हाय’, ‘टू फास्ट’, ‘अनस्टेबल’ म्हणतात. विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं तर ‘लाँग लँडिंग’ म्हणतात. एअरबसच्या विमानांसाठी उरलेल्या धावपट्टीत थांबता येईल की नाही याचा चालू हिशोब करणारी व्यवस्था आली. मंगळूरला जे वाक्य फक्त सहवैमानिकाच्या तोंडी होतं, ते आता यंत्राच्याही तोंडी आलं आहे. हे मोठं काम झालं.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी त्याच कंपनीचं, त्याच जातीचं विमान दुबईहून कोझिकोडला आलं. तेही टेबलटॉप. मुसळधार पाऊस होता, पाठीमागून वारा होता. १९० जण आत होते. कमांडर आपल्या महाराष्ट्रातले, हवाई दलात नाव कमावलेले, सहकाऱ्यांचा आदर मिळवलेले. विमान धावपट्टीच्या निम्म्यावर टेकलं, पलीकडे उतारावरून घसरलं आणि तुटलं. दोन्ही वैमानिक आणि १९ प्रवासी गेले. चौकशीने संभाव्य कारण म्हणून जे लिहिलं त्यात दोन भाग आहेत. एक, विमान चालवणाऱ्याने अस्थिर उतरण चालू ठेवली आणि सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटल्यावरही ती सोडली नाही. दोन, सहवैमानिकाने सूत्रं हातात घेऊन गो-अराउंड केला नाही.